मशीन तुझं

१२ जानेवारी

चि. खारुताईस अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, त्याबद्दल आधीच कान पकडतो. तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. पहिल्या आठवड्यात माझ्या चष्म्याची काडी मोडली. दुसऱ्या आठवड्यात ती जोडून आली, पण तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि काळजीने हात चालेना. तिसऱ्या आठवड्यात तुझी आजी म्हणाली, "काळजी करून झाली असेल तर आता उत्तर लिहा. नाहीतर तिकडे ती पोरगी काळजी करत बसेल. एका घराला काळजीवाला एक पुरे." म्हणून आज बसलोय. कागद पंख्याने उडू नये म्हणून ते जुनं पितळी वजन वर ठेवलंय. लहानपणी तू त्याला बाहुलीची उशी म्हणायचीस, तेच.

फोनवर बोललो असतो, पण एकतीस वर्षं कारखान्यात लोखंड घडवणाऱ्या लेथच्या खडखडाटात काढल्यावर माझे निम्मे कान तिथेच राहिले. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनाने भरतो, आणि माझं मन कधी चांगलं काही भरत नाही. पत्र बरं. पत्र पुन्हा पुन्हा वाचता येतं.

आता मुद्द्याचं. तू लिहितेस, तुमच्या प्रयोगशाळेत सेंट्रिफ्यूज नावाचं मशीन आहे, त्यात नळ्या ठेवून गरगर फिरवतात, मिनिटाला बारा हजार फेरे. मी ती शून्यं तीनदा मोजली. आमचं लेथ अगदी पिसाळलं तरी मिनिटाला बाराशे. आणि त्या बारा हजारांच्या शेजारी माझी नात उभी राहणार. वेणी बांधतेस ना? बाह्या आवळलेल्या असतात ना? फिरत्या वस्तूला नातं-गोतं कळत नाही, जे लोंबतं ते ती ओढते.

समोरासमोरच्या नळ्या सारख्या वजनाच्या हव्यात, हे तू लिहिलंस ते मला एका वाचनात कळलं. आमच्याकडेही वेडंवाकडं काम फिरवायचं झालं की समोरच्या बाजूला वजन बांधायचो, नाहीतर सगळं लेथ नाचायचं. तर यातली एक अनुभवाची गोष्ट सांगतो. दर वेळी तराजू काढत बसायला नको. दोन्ही नळ्या शेजारी शेजारी डोळ्यासमोर धर, एक डोळा मीट, आणि आतल्या पाण्याची रेघ बघ. रेघ जुळली की वजन जुळलं. लेथवरच्या टर्नरचा डोळा हाच त्याचा तराजू. तुझ्यात माझं रक्त आहे, तुला जमेल.

सातवी शिकलेला माणूस नातीला शास्त्र शिकवतोय, असं आजी म्हणते. म्हणू दे.

तुझा आजोबा

ता. क. वेणी.


२३ जानेवारी

ती. आजोबांना आणि आजीला नमस्कार.

वेणी बांधते. बाह्या आवळते. पांढरा कोट घालते, त्याची सगळी बटणं लावते. पायात बंद बूट असतात. आणखी काही राहिलं असेल तर आजीला विचारून कळवा, तिला तुमची यादी पाठ असेल.

आजोबा, आमची खोली तुम्हाला आवडेल. लांबट आहे, एका बाजूला खिडक्या आणि त्या खिडक्यांत माझी रोपं. एकशेवीस कुंड्या, पाच महिन्यांपूर्वी मी स्वतः बी लावलेल्या. त्यांची पानं वाटायची, साखरेच्या दाट पाण्यात घालायची आणि त्या मशीनमध्ये फिरवायची, म्हणजे पानातले हिरवे कण वेगळे होऊन नळीत त्यांची एक पट्टी तयार होते. माझं सगळं काम त्या पट्टीवर आहे. मात्र झाडांना फूल येण्याच्या आत हे व्हायला हवं. फूल आलं की पान बदलतं, आणि मग पुन्हा बीपासून सुरुवात.

मशीन माझ्या एकटीचं नाही. चार गटांचं मिळून एक आहे. त्याच्यापाशी एक वही दोरीने बांधलेली आहे. आधी वेळ लिहून ठेवायची, काम झालं की नाव, फेरे, किती वेळ, सगळं लिहायचं. मग आतली चकती पुसायची, झाकण उघडं ठेवायचं, म्हणजे ओल राहत नाही. हातमोजे घालून दाराच्या मुठीला हात लावायचा नाही, कारण तुमच्या मोज्याला काय लागलंय ते पुढच्याला माहीत नसतं. या सगळ्यावर आमच्या मॅडमचं लक्ष. त्या ओरडत नाहीत. नुसत्या चष्म्यावरून बघतात, आणि माणूस आपोआप जाऊन चकती पुसून येतो.

शेजारच्या गटात एक आहे, त्याला सगळे लंबू म्हणतात. दारातून वाकून येतो. परवा म्हणाला, "तुझी झाडं माझ्यापेक्षा बरी, कुणी तरी त्यांना रोज पाणी विचारतं." मी त्याला चहा विचारला.

तुमची रेघेची युक्ती करून बघितली, नुसतं पाणी घेऊन. मग तराजूवर टाकलं. केसाचाही फरक नाही. तुमचा डोळा माझ्यात आलाय बहुतेक.

तुमची
खारू


१ फेब्रुवारी

चि. खारुताईस आशीर्वाद.

केसाचाही फरक नाही, हे वाक्य मी आजीला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "ऐकू तुम्हाला येत नाही, मला येतं."

तुमच्या वहीबद्दल वाचून बरं वाटलं. आमच्या कारखान्यात वही नव्हती, कारण निम्म्यांना लिहिता येत नव्हतं. पण रीत होती. लेथमध्ये काम पकडायचा जो लोखंडी जबडा असतो ना, त्याला चक म्हणतात. तो आवळायला एक किल्ली असते, वीतभर लांब, चांगली जड. काम झालं की ती किल्ली आधी चकमधून काढायची. ती तशीच राहिली आणि कुणी मशीन चालू केलं, तर बंदुकीतून सुटावी तशी सुटते. म्हणून आमच्यात असं होतं, की पाळी संपली की किल्ली कुठे ठेवायची नाही. पुढच्या माणसाच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, "मशीन तुझं." त्याने किल्ली घेऊन म्हणायचं, "मशीन माझं." तेवढं झालं की तू घरी जायला मोकळा. फोरमनसुद्धा त्याच्या आधी हाक मारायचा नाही.

माझ्यानंतरची पाळी बुटक्याची असायची. तू त्याला ओळखतेस, संध्याकाळी माझ्याकडे बुद्धिबळाला येतो तोच. अजून घोडा हातात घेऊन पाच पाच मिनिटं विचार करतो.

लंबू कोण, काय करतो, घरी कोण कोण असतं ते लिहिलं नाहीस. मी विचारत नाहीये, आजी विचारतेय. मी फक्त मशीनबद्दल विचारतोय. आणि डोळा वापरत जा. वापरला नाही की डोळा मोडतो.

तुझा आजोबा


१९ फेब्रुवारी

ती. आजोबांना नमस्कार.

लिहायला वेळ झाला. इथे थोडी गडबड आहे.

मशीन बिघडलंय. मंगळवारी दुपारी कुणीतरी नळ्या नीट न जुळवता फिरवल्या. सगळे जेवायला गेले होते, कुणी नव्हतं तिथे. मशीन आधी घुं घुं करतं, मग एकदम डब्यात गोटे घालून हलवावेत तसं वाजतं, आणि बंद होताना एक मोठा उसासा टाकतं. दुपारी तिसऱ्या गटातली मुलगी आली तर ते फिरेचना. वहीत शेवटचं नाव लंबूचं होतं, सकाळचं. मॅडमनी त्याला विचारलं. तो म्हणाला, मी तर नीट तोलून फिरवलं होतं, पुसूनही ठेवलं होतं. पण वहीत त्याच्यानंतर कुणीच नाही. मॅडमनी त्याचं नाव मशीनच्या यादीतून काढलंय. आता दुरुस्तीवाला येईल, सुटा भाग मागवावा लागेल, महिना तरी जाईल.

झाडं बरी आहेत. अजून कळी नाही.

आजीला सांगा, लंबू कोण ते आता सांगण्यासारखं काही नाही. तो माझ्याशी नीट बोलतो. मीच त्याच्याशी बोलत नाही.

तुमची
खारू


२५ फेब्रुवारी

चि. खारुताईस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून रक्त उसळलं. त्या लंबूला चांगला ओळखला मी. दारातून वाकून येतो म्हणे. मान वाकवणारा प्रत्येक माणूस नम्र नसतो. चौघांचं मशीन बिघडवायचं, वर तोंड करून म्हणायचं की पुसूनही ठेवलं होतं. तू त्याच्याशी बोलत नाहीस हेच बरोबर. मॅडमनी यादीतून काढला ते कमी केलं, मी असतो तर प्रयोगशाळेतून काढला असता. चूक कुणाकडूनही होते. पण चूक करून गप्प बसणारा माणूस मशीनजवळ नको, कारण तो पुढच्या माणसाचा जीव धोक्यात घालतो.

तुझी झाडं थांबतील का? त्यांना थोडं कमी ऊन दिलं तर कळी लांबेल का? मला कळत नाही, पण मी दोन दिवस हाच विचार करतोय. आजी म्हणते, तिला झाडांतलं तुमच्यापेक्षा जास्त कळतं. मी म्हटलं, कळू दे, विचार करायला काय लागतं.

त्या लंबूचं पुढे काय झालं ते कळव. वाट बघतो.

तुझा आजोबा


२० मार्च

चि. खारुताईस आशीर्वाद.

तीन आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. आईला विचारलं तर म्हणते, फोनवर बोलते पण मोजून. आधी मी आजारपणाचा विचार केला, मग अपघाताचा, मग पोस्टमनचा. पोस्टमनशी भांडूनही आलो, तो म्हणाला, "आजोबा, पत्र लिहिल्याशिवाय मी आणू कुठून."

काल दुपारी तुझी सगळी पत्रं काढून बसलो. १९ तारखेचं पत्र चौथ्यांदा वाचत होतो आणि एका ओळीवर अडकलो.

तू लिहिलंयस, कुणी नव्हतं तिथे. आणि त्याच्याच खाली लिहिलंयस की मशीन आधी घुं घुं करतं, मग गोटे हलवल्यासारखं वाजतं, आणि बंद होताना उसासा टाकतं. मी आयुष्यभर मशीनं ऐकली, आता कान गेले तरी कागदावरचं मशीन मला ऐकू येतं. हा आवाज कुणी सांगितलेला नाही. हा आवाज जवळ उभ्या असलेल्या माणसाने ऐकलेला आहे.

खारू, कुणी नव्हतं तर उसासा ऐकला कुणी?

रागावलेलो नाही. उलट मागच्या पत्रात मी जे बरळलो ते वाचून तुला काय वाटलं असेल, या विचाराने माझं जेवण गेलंय. आणि आणखी एक शंका खातेय. ती माझी रेघ. माझ्या रेघेचा यात काही हात आहे का? खरं सांग.

तू खरं सांगण्याआधी मी सांगतो. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, आजीलाही नाही. किल्लीची रीत मी तुला एवढी तोंड भरून सांगितली. एका दिवशी ती मीच मोडली. एकोणपन्नास वर्षांपूर्वी. त्या संध्याकाळी मला तुझ्या आजीच्या घरी जायचं होतं, पहिल्यांदाच. तिचे वडील वेळेचे पक्के, पाच मिनिटं उशीर झाला तर दार लावून घेणारे. भोंगा झाला आणि मी तसाच पळालो. किल्ली चकमध्ये. बुटका आला, त्याने मशीन चालू केलं, किल्ली सुटली आणि त्याच्या कानाजवळून जाऊन फोरमनच्या डोक्यावरच्या भिंतीवरच्या घड्याळात घुसली. कुणाला लागलं नाही. पण मशीन बुटक्याच्या पाळीत चालू झालं होतं, म्हणून चूक त्याची धरली. त्याला महिनाभर लेथवरून काढून भंगार निवडायला बसवलं. मी रोज त्याच्यासमोरून जायचो. सांगतो सांगतो म्हणत महिना गेला, मग लग्न झालं, मग तुझी आई झाली, आणि मग इतका उशीर झाला की सांगणंच विचित्र वाटायला लागलं.

दर संध्याकाळी तो माझ्यासमोर बसून घोडा हातात घेतो, आणि मला ते घड्याळ दिसतं. म्हणून मी त्याला घाई कर म्हणत नाही कधी.

तू एकोणपन्नास वर्षं थांबू नकोस. महिना झालाय, एवढंच. आज मॅडमकडे जा. मी पण बुटक्याकडे जाईन. आधी कोण जातं बघू.

तुझा आजोबा


६ एप्रिल

ती. आजोबांना आणि आजीला नमस्कार.

तुमचं पत्र जिन्यात उभी राहून वाचलं, आणि तशीच वर मॅडमकडे गेले. म्हणजे मी जिंकले बहुतेक.

सगळं सांगते. त्या दिवशी माझी वेळ नव्हती. मशीन रिकामं दिसलं, अर्धा तास होता, वहीत न लिहिता घुसले. तराजू दुसऱ्या खोलीत होता आणि तिथे कुणीतरी काम करत होतं, म्हणून मी रेघ जुळवली. आजोबा, तुमचा डोळा खरा होता. रेघ अगदी जुळली होती. पण एका नळीत साखरेचं दाट पाणी होतं आणि समोरच्या नळीत साधं. उंची तीच, वजन वेगळं. हे मला शाळेपासून माहीत आहे. घाईत ते डोक्यात आलंच नाही. मशीन थांबल्यावर मी नळ्या काढल्या आणि पळाले. वही माझ्या हातात होती, पेन दोरीला लटकत होतं, आणि मी लिहिलं नाही. तुम्हाला मी रेघेबद्दल कळवलं नाही, कारण तुम्ही झोपला नसता. चूक रेघेची नव्हती. न तोलण्याची माझी होती, आणि न सांगण्याची तर नक्कीच माझी.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्म्यावरून बघून म्हणाल्या, "रेघ जुळली की वजन जुळतं, हे कुणी शिकवलं?"

मी म्हटलं, "घरात एक जुने टर्नर आहेत."

"त्यांच्याकडे सगळं एकाच लोखंडाचं असणार," त्या म्हणाल्या. "त्यांचं बरोबर आहे. तुझं चूक आहे." मग म्हणाल्या, "मीही एकदा एक काचेचं मशीन फोडून गप्प बसले होते. दोन दिवस. तू महिना बसलीस. मशीनचा भाग नवा आला, लंबूचा महिना मात्र नवा मिळणार नाही. आधी त्याच्याकडे जा."

लंबू गॅलरीत होता. मी सांगितलं. तो एवढा उंच आहे की तो चिडला की नाही हे खालून कळत नाही. शेवटी म्हणाला, "महिनाभर मी स्वतःवरच संशय घेत होतो. माझं वजन करायचं राहिलं असेल, असं वाटून स्वप्नात नळ्या तोलायचो." मी म्हटलं, "माफ कर." तो म्हणाला, "करतो. पण आता रोजचा चहा तू विचारायचा. उन्हाळाभर."

मॅडमनी लंबूचं नाव परत यादीत घातलं आणि मला दोन आठवडे मशीनवरून काढलं. बरोबरच होतं. पण आजोबा, त्यातल्या दुसऱ्या आठवड्यात झाडांना कळ्या धरल्या. बारीक, हिरव्या, मिटलेल्या. मी रोज सकाळी येऊन मोजायचे. शनिवारपर्यंत उमलणार हे दिसत होतं, आणि माझी बंदी सोमवारपर्यंत. मी कुणाला काही म्हटलं नाही. काय तोंडाने म्हणणार.

गुरुवारी लंबूने वहीत स्वतःची वेळ लिहिली आणि मॅडमना जाऊन सांगितलं, की माझ्या चारच नळ्या आहेत, मशीनमध्ये आठ जागा आहेत, चार रिकाम्या फिरवून काय उपयोग. मॅडम म्हणाल्या, "बंदी तिला आहे, तिच्या पानांना नाही. चालव तू, ती दूर उभी राहील." मी पानं वाटली, नळ्या भरल्या. लंबूने त्या तराजूवर जोडी जोडीने तोलल्या, दोनदा, आणि मला दाखवल्या. मी हात पाठीमागे बांधून दाराशी उभी होते. मशीन लागलं. घुं झालं आणि तसंच घुं राहिलं, एकसारखं, झोपलेल्या मांजरासारखं. पूर्ण वेगाला जाईपर्यंत लंबू तिथून हलला नाही.

नळी बाहेर काढली तर मधोमध हिरवी पट्टी. करंगळीएवढी रुंद. एवढी हिरवी, की लंबू म्हणाला, "ही खोटी वाटते." मग मी रडले आणि मॅडम मला मोज्याने डोळे पुसू नकोस म्हणून ओरडल्या. पहिल्यांदाच ओरडल्या.

माझी शिक्षा अजून संपलेली नाही. यापुढे मशीनची वही माझ्याकडे. जो नवा येईल त्याला मी शिकवायचं, आणि शिकवताना स्वतःची गोष्ट सांगायची, नाव न लपवता. मी त्यांना तुमची किल्लीची रीतही सांगितली. मॅडमना फार आवडली. चारही गटांना बोलावून म्हणाल्या, वही राहील, पण मशीन हातातून हातात जाईल. अडचण एकच, आमच्या मशीनला किल्लीच नाही. हातात द्यायचं काय? लंबू म्हणतो बटाटा. तुम्ही काहीतरी सुचवा.

पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला घरच्यांना प्रयोगशाळा दाखवायचा दिवस आहे. मॅडमनी तुमचं नाव स्वतः लिहिलंय. आजीला घेऊन या. बंद बूट मात्र घालावे लागतील. चपलेला आत सोडत नाहीत.

आणि बुटके आजोबा काय म्हणाले?

तुमची
खारू


१५ एप्रिल

चि. खारुताईस अनेक अनेक आशीर्वाद.

हिरवी पट्टी वाचली आणि मी उठून दारापर्यंत जाऊन आलो. का गेलो माहीत नाही. आजी म्हणाली, "आनंद झाला की माणूस बसतो, तुम्ही उठता." मग तीही उठली.

बटाटा नको. सांगतो काय ते.

तुझ्या आधी जाणं मला जमलं नाही. तू त्याच दिवशी गेलीस, मी चार दिवस नुसता बुटक्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परतलो. पाचव्या दिवशी संध्याकाळी तो रोजच्यासारखा खेळायला आला. पट मांडला. त्याने घोडा हातात घेतला आणि मी बोलायला सुरुवात केली. आजी दारात चहाचे कप घेऊन उभी. मी सगळं सांगितलं, भोंगा, किल्ली, घड्याळ, भंगार. मान खाली घालून.

बुटक्याने घोडा खाली ठेवला. म्हणाला, "झालं?"

मी म्हटलं, "झालं."

"मला वाटलं, हा न सांगताच मरतो की काय."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"अरे शहाण्या, त्या दिवशी तू माझ्या हातात किल्ली दिलीच नव्हतीस. मशीन तुझं म्हणाला नव्हतास. जी माझ्या हातात आलीच नाही, ती माझ्याकडून राहील कशी? मी चालू करताना बघायला हवं होतं, ती माझी चूक. बाकीची तुझी."

"मग फोरमनला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर त्याने माणूस पाठवून तुला अर्ध्या वाटेवरून परत आणला असता. तिकडे सासऱ्याने दार लावलं असतं. मग इतकी वर्षं मला हा चहा कुणी दिला असता?"

आजीच्या हातातले कप खुळखुळ वाजायला लागले. ती हसत होती. म्हणाली, "म्हणजे माझं लग्न भावजींच्या भंगारावर झालंय."

"अगदी खरं वहिनी," तो म्हणाला. "आणि त्याची निशाणी तुमच्या टेबलावर आहे. त्या महिन्यात भंगारात मला एक पितळेचा तुकडा सापडला. लेथवर परत गेल्यावर पहिलं काम म्हणून तो फिरवला आणि तुमच्या लग्नात दिला. याला वाटलं, मी वजन दिलं. मी म्हटलं, बघू याला कधी जड वाटतं का."

खारू, ते हेच वजन. इतकी वर्षं त्याच्याखाली मी कागद ठेवतोय. तुला लिहिलेली सगळी पत्रं, तुला रेघेची युक्ती शिकवली तेही पत्र, याच्याचखाली होतं. तुझ्या मॅडमचं बरोबर आहे. आमच्याकडे सगळं एकाच लोखंडाचं होतं, म्हणून डोळा पुरायचा. माणसं मात्र सारख्या उंचीची दिसली तरी सारख्या वजनाची नसतात. बुटका माझ्या खांद्याला लागतो, पण तोलायला बसलो तर मी वर जाईन.

तर हे वजन तुमच्या मशीनला. मी बुटक्याला विचारलं, तो हो म्हणाला. मुठीत मावतं, खिशात घातलं तर विसरता येत नाही, इतपत जड आहे. ज्याच्या हातात वजन, त्याच्या हातात मशीन. काम झालं, तोललं, पुसलं, लिहिलं, की पुढच्याच्या हातात द्यायचं आणि म्हणायचं, मशीन तुझं. पुढचा आलेला नसेल तर मॅडमच्या हातात. टेबलावर ठेवायचं नाही, कुणीही असो, लंबूसुद्धा. लंबूबद्दल मी जे लिहिलं होतं, ते पान फाडून टाक. मान वाकवणारे काही नम्रही असतात. आजी विचारतेय, त्याला चहा किती गोड लागतो. हे खरंच आजी विचारतेय.

वजन मी पोस्टाने पाठवणार नाही. हातातून हातात देणार. दहा तारखेला आम्ही दोघं येतो. बुटकाही म्हणतो, "येतो. घड्याळं असतील तिथे तुला एकट्याला सोडणं बरोबर नाही." त्याचं नाव मॅडमना चालेल का, ते विचार.

आता खरी अडचण. बंद बूट मी आयुष्यात कारखान्यानंतर घातलेले नाहीत. काल विकत आणले. दुकानदाराने दोन जोड दाखवले, एक नाडीचा, एक पट्ट्याचा. मी नाडीचा घेतला. घरी आल्यावर मनात आलं, नाडी म्हणजे लोंबणारी वस्तू. बारा हजार फेऱ्यांच्या शेजारी नाडी चालते का? आजी म्हणते, मशीन टेबलावर आहे, तुमचे पाय जमिनीवर. बुटका म्हणतो, दुहेरी गाठ मार. माझं समाधान होत नाही. दुकानदार आठ दिवसांत बदलून देतो म्हणालाय, आणि आज दुसरा दिवस.

मशीन चालू असताना झाकणावर एकदा तळहात ठेवू देतील का, तेही विचारून ठेव. ऐकू येणार नाही मला, पण हाताला कळेल. देत नसतील तर नको.

तुझं उत्तर येईपर्यंत मी बूट मळू देत नाही. कागद अंथरून त्यावर घालून बसलोय. तेवढं नाडीचं लवकर कळव.

तुझा आजोबा